व्यंकटेश माडगूळकर : माणदेशाच्या माळापासून नागझिऱ्याच्या रानापर्यंत



रामदासपेठेत लेंड्रा पार्कापासून हाकेच्या अंतरावर आमचं शनिवारचं वाचन मंडळ भरतं. आठवी-नववीची बारा-चौदा मुलं, एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि पुस्तकं, एवढाच आमचा संसार. यंदा आम्ही विषय घेतला होता गोष्टींमधला निसर्ग. सुरुवातीला मुलांना निसर्गावर एक पान लिहायला सांगितलं. सगळ्यांनी छान लिहिलं : झाडं प्राणवायू देतात, झाडं आपले मित्र आहेत, झाडे लावा झाडे जगवा. मग मी विचारलं, आपल्या या गल्लीत कोणकोणती झाडं आहेत? सगळे गप्प. कडुनिंब तेवढा एकीला सांगता आला.

तेव्हाच ठरवलं की निबंधातला निसर्ग पुरे झाला, आता खराखुरा निसर्ग असलेलं पुस्तक वाचायचं. मी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी निवडली. वानरांच्या टोळीची गोष्ट आहे, आपल्या विदर्भातल्या जंगलाची आहे आणि पानंही थोडी आहेत. पंधरा दिवसांनी एका पालकांचा फोन आला. त्यांच्या मुलीने पुस्तकात वानरांची तान्ही पिल्लं मारली जातात तो भाग वाचला आणि त्या रात्री ती जेवली नाही. एवढ्या लहान मुलांना असलं कशाला वाचायला देता, असा त्यांचा सवाल होता.

खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर तयार नव्हतं. तीन-चार दिवस पुस्तक परत घ्यायचं मनात घोळत होतं. शेवटी म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्या माणसाकडे आधी नीट पाहू. मी माडगूळकरांचं आयुष्य पुन्हा एकदा समजून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवते आहे. त्या पालकांना काय सांगितलं ते शेवटी येईलच.

जन्म आणि गाव

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १९२७ साली माडगूळ या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात आहे. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता आणि त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. थोरले भाऊ म्हणजे आपल्या सर्वांचे गदिमा, 'गीतरामायण' लिहिणारे ग. दि. माडगूळकर. ते व्यंकटेशरावांपेक्षा आठ वर्षांनी मोठे. घरात पैसा बेताचाच होता. मात्र आईच्या तोंडी ओव्या आणि गोष्टी होत्या. पुढे या आईवर आणि त्या घरावर व्यंकटेशरावांनी 'करुणाष्टक' ही कादंबरी लिहिली.

हा सगळा मुलूख माणदेश म्हणून ओळखला जातो. माण नदीच्या काठचा म्हणून माणदेश. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येईपर्यंत रिकामे झालेले असतात, म्हणून इथे पाऊस कमी. आपल्या पूर्व विदर्भात धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा तिकडे माळावर बाजरीचं पीक पावसाकडे डोळे लावून बसलेलं असतं. शेती भरवशाची नाही, म्हणून मेंढरं आणि खिलार जनावरं. पाऊस गेला की माणसंही गाव सोडून जातात, मेंढरं घेऊन चाऱ्यामागे फिरतात.

हे तुम्ही मुलांना नकाशा काढून जरूर समजावून सांगा. पाऊस, गवत, मेंढरू आणि माणूस ही एकच साखळी आहे हे माडगूळकर कुठल्या पुस्तकातून शिकले नाहीत. लहानपणी रोज डोळ्यांसमोर तेच होतं. पर्यावरण हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

शाळा सुटली, शिक्षण चालू राहिलं

व्यंकटेशरावांचं औपचारिक शिक्षण फार झालं नाही. मॅट्रिकही ते झाले नाहीत. कोवळ्या वयात त्यांनी निंबवडे या लहानशा गावी काही काळ शिक्षकाचं काम केलं. आपल्यातलेच एक गुरुजी म्हणा ना! पुढे १९४२ चं आंदोलन आलं. शाळकरी वयाचा हा मुलगा त्यात उतरला आणि भूमिगत झाला. त्या दिवसांवर त्यांची 'कोवळे दिवस' ही कादंबरी आहे.

चित्रकलेची त्यांना मनापासून ओढ होती. चित्रकला शिकायला ते कोल्हापूरला गेले. चित्रकार म्हणून नाव झालं नाही, पण हातातली रेघ आयुष्यभर सुटली नाही. तुम्ही त्यांचं कुठलंही पुस्तक उघडा, माणूस समोर आला की आधी त्याचा आकार दिसतो, चाल दिसते, कपडे दिसतात, मग स्वभाव. चित्र काढणाऱ्याला आधी पाहावं लागतं, आणि ती सवय त्यांच्या लेखणीत उतरली.

इंग्रजी ते स्वतःच शिकले, आणि शिकले तेही वाचायच्या ओढीने. स्टाइनबेक, ऑर्वेल, लियम ओफ्लाहर्टी अशा लेखकांची पुस्तकं त्यांनी वाचली. मॅट्रिक न झालेला एक मुलगा परक्या भाषेतले एवढे मोठे लेखक एकट्याने वाचतो, हे आपल्या मुलांना ऐकवण्यासारखं आहे. शाळेने सोडलं म्हणून शिक्षण थांबत नाही.

माणदेशी माणसं आणि बनगरवाडी

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या वर्षांत ते पत्रकारिता आणि चित्रपटांसाठी लेखन करू लागले, मुंबईत राहिले. शहरात आल्यावर गाव जास्त आठवतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. १९४९ मध्ये 'माणदेशी माणसं' हा संग्रह आला तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्यात धर्मा रामोशी आहे, झेल्या नावाचा शाळकरी पोरगा आहे. त्या आधीच्या पुष्कळ ग्रामीण लेखनात खेडं म्हणजे हिरवी शेतं, भोळी माणसं आणि मोटेवरची गाणी असं चित्र असायचं. माडगूळकरांच्या गावात भूक होती. ती त्यांनी झाकली नाही आणि तिचा गहिवरही केला नाही.

१९५५ मध्ये 'बनगरवाडी' आली. शिक्षकांनी ही कादंबरी एकदा तरी वाचावीच. राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर धनगरांच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत रुजू होतो. शाळा बंद पडल्यासारखी असते. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मदतीने तो मुलं जमवतो, हळूहळू वाडीचा होतो, सगळ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. आता सगळं ठीक होणार असं वाटत असताना पाऊस दडी मारतो. चारा संपतो, मेंढरं मरू लागतात, घरं एकेक करून रिकामी होतात. शेवटी मास्तरलाही निघावं लागतं.

मंडळात यातला शेवटचा भाग वाचल्यावर एका मुलाने विचारलं, यात वाईट माणूस कोण? मलाही क्षणभर सुचेना. कारण या गोष्टीत खलनायक नाहीच. पाऊस कोणावर रागवून थांबलेला नसतो. मास्तरचे कष्ट खोटे नसतात, तरी गाव उठतो. आपल्या मुलांना गोष्टीत कोणीतरी दोषी लागतो, तो सापडला की ती निर्धास्त होतात. इथे तो आधार मिळत नाही, म्हणून विचार करावा लागतो. निसर्गावरच्या साहित्याचा वर्ग घ्यायचा असेल तर माझ्या मते सुरुवात 'बनगरवाडी'पासून करावी. या कादंबरीचे इंग्रजीसह इतर भाषांत अनुवाद झाले आणि १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. मुलांना तोही दाखवता येईल.

आकाशवाणीची नोकरी आणि शिकारीचा नाद

१९५५ पासून माडगूळकर पुणे आकाशवाणीत ग्रामीण विभागात काम करू लागले. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ही नोकरी केली. शेतकऱ्यांना समजेल अशा भाषेत बोलायचं आणि लिहायचं हे रोजचं काम. नोकरीच्या जोडीने कथा, कादंबऱ्या, वगनाट्यं, नाटकं, पटकथा असं भरपूर लेखन झालं. दोनशेच्या वर कथा त्यांनी लिहिल्या. गांधीजींच्या हत्येनंतर खेड्यापाड्यांत जी जाळपोळ झाली तिच्यावर 'वावटळ' लिहिली. ऑस्ट्रेलियाचा प्रवास करून आल्यावर पुस्तकाला नाव दिलं 'पांढरी मेंढरं हिरवी कुरणं'. बघा, माणूस समुद्रापार गेला तरी नजर मेंढरांवर आणि गवतावरच!

आता एक गोष्ट जी आपण मुलांपासून लपवू नये. माडगूळकर शिकारी होते. बंदूक घेऊन रानोमाळ हिंडण्याचा त्यांना नाद होता, मित्रमंडळीत ते त्यासाठी ओळखले जात. त्या पिढीत अनेकांना यात काही वावगं वाटत नसे. देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ मध्ये.

मी हे सांगितलं तेव्हा मुलं चपापली. प्राण्यांवर पुस्तक लिहिणारा माणूस प्राणी मारायचा? हा धक्का मला उपयोगी वाटला. चांगला शिकारी होण्यासाठीही जनावराची वाट, पाणवठा, वाऱ्याची दिशा, पावलाचा ठसा आणि झाडावरची ओरड ओळखावी लागते. ती ओळख माडगूळकरांकडे होतीच. पुढे बंदूक मागे पडली आणि हातात दुर्बीण, वही आणि पेन्सिल आली. जी नजर नेम धरण्यासाठी तयार झाली होती ती नुसतं पाहण्यासाठी वापरली जाऊ लागली. माणूस आयुष्याच्या मध्यावर बदलू शकतो, हे मुलांना कळायला एखादा निष्कलंक महापुरुष फारसा कामाचा नसतो. चुकलेला आणि मग वळलेला माणूसच लागतो.

नागझिरा

इथून गोष्ट आपल्या मुलखात येते. नागपूरहून भंडारा, साकोली असं पूर्वेला निघालं की पुढे नागझिऱ्याचं जंगल लागतं. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू आणि बांबू असं हे मिश्र रान. गवे, रानकुत्रे, अस्वल, बिबट्या, वाघ आणि झाडोझाडी काळ्या तोंडाची वानरं.

पुण्यात स्थिरावलेला, वयाची पन्नाशी गाठत आलेला हा लेखक या रानात येऊन मुक्काम ठोकून राहिला. माणदेशाच्या उघड्या माळावरचा माणूस दाट झाडीत आला. जंगल पाहायला आपण जातो तेव्हा जीपमध्ये बसतो, वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर वाया गेले म्हणतो. माडगूळकर पायी हिंडत होते, पाणवठ्याजवळ तासन्‌तास बसत होते, जे समोर येईल ते टिपत होते. कोळी असो, पाखरू असो की गवा, सगळ्यांना वहीत सारखीच जागा. त्यातून 'नागझिरा' हे पुस्तक झालं. जंगलातल्या दिवसांवर त्यांनी पुढेही लिहिलं.

तुमच्यापैकी जे पालक मुलांना सफारीला नेतात त्यांनी जाण्याआधी 'नागझिरा'ची काही पानं घरी मोठ्याने वाचावीत. वाघ न दिसलेल्या दिवशीही मुलं कंटाळणार नाहीत.

सत्तांतर

नागझिऱ्याच्या रानातूनच १९८२ मध्ये 'सत्तांतर' आली. वानरांच्या टोळीत बहुतेक वेळा एकच मोठा नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. ज्यांना टोळी नाही असे तरणे नर वेगळे हिंडत असतात आणि संधी मिळताच म्हाताऱ्या होत चाललेल्या नरावर चालून येतात. लढाई होते, जुना जातो, नवा येतो. नवा आला की अंगावर पिणाऱ्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो. माडगूळकरांनी हे सारं कादंबरीत घेतलं. वानरांना त्यांनी नावं दिली आहेत, पण ती माणसांसारखी भाषणं करत नाहीत, नीतीचे धडे देत नाहीत.

हे लेखकाच्या कल्पनेतलं क्रौर्य नाही, हेही पालकांना सांगायला हवं. धारवाडजवळच्या रानात सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात असा प्रकार नोंदवला होता. पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकी संशोधक बाईंनी वानरांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अंगावर पिल्लू पीत असेपर्यंत मादीला पुन्हा दिवस जात नाहीत, आणि नव्या नराला टोळीत मिळणारा काळ थोडा असतो. म्हणून आधीच्या नराची पिल्लं त्याच्या वाटेत येतात. या कारणावर शास्त्रज्ञांमध्ये पुष्कळ वादही झाला.

तुलनेसाठी दोन पुस्तकं सुचवते. आपल्या नागपूरच्या उत्तरेला शिवनीचं रान आहे. किपलिंगचं 'जंगल बुक' तिथलंच, १८९४ चं. त्यातली माकडं म्हणजे बेशिस्त, बडबडी, कायदा न पाळणारी जमात. ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मध्ये प्राणी आहेत, पण खरं तर ती माणसंच. 'सत्तांतर'मध्ये वानर हे वानरच आहे. त्याला शिस्त आहे, हद्द आहे, घराणं आहे आणि त्याचं जगणं आपल्या सोयीसाठी गोड केलेलं नाही. शीर्षक वाचून मोठ्यांना राजकारण आठवतं, मुलांनाही आठवलं. आठवू द्या, पण आधी वानर समजू द्या.

या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मॅट्रिक न झालेला माणदेशी मुलगा मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या मानाच्या जागी बसला. २००१ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

मग त्या पालकांना काय सांगितलं?

मी त्यांना घरी बोलावलं, चहा केला आणि हे सगळं आयुष्य सांगितलं. म्हटलं, दादा, तुमच्या मुलीला वाईट वाटलं यात काळजी करण्यासारखं काही नाही. वाटलं नसतं तर मला काळजी वाटली असती. ज्या माणसाने दुष्काळात गाव उठताना पाहिले तो मुलांना निसर्ग म्हणजे नुसती फुलं आणि फुलपाखरं असं सांगू शकत नव्हता. आपण जर मुलांना फक्त गोड निसर्ग दाखवला, तर उद्या खरा निसर्ग समोर आल्यावर ती एकतर घाबरतील किंवा तोंड फिरवतील. मात्र माझीही चूक होती आणि ती मी कबूल केली. एवढं जड पान मुलांना घरी एकट्याने वाचायला द्यायला नको होतं. ते सगळ्यांनी मिळून वाचायचं पान आहे.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. तुम्हालाही वर्गात करून पाहता येईल :

१. जड प्रसंग मंडळातच वाचायचा, मोठ्याने आणि सावकाश. वाचून झाल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही.

२. वहीत तीन रकाने आखायचे : लेखकाने पाहिलेलं काय असेल, अंदाजाने लिहिलेलं काय असेल, आणि आपल्याला काय वाटलं. तिसरा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा.

३. चांगला-वाईट हे शब्द पहिल्या दोन रकान्यांत वापरायचे नाहीत.

४. पुस्तक संपल्यावर तोच प्राणी प्रत्यक्ष जाऊन पाहायचा. लांब जायला नको, अंगणातली खारही चालेल.

आम्ही मुलांना घेऊन रामटेकला गेलो. गडावर वानरं भरपूर, हे नागपूरकरांना सांगायला नको. मंदिराच्या पायऱ्यांवर दोन तास नुसतं बसायचं, कोणाला काही खाऊ घालायचं नाही, एवढाच नियम. सुरुवातीची पंधरा मिनिटं हसण्यात आणि फोटोत गेली. मग एकेक वही उघडली. लोकांनी फेकलेला प्रसाद आणि बिस्किटं किती वेळा उचलली ते एकाने मोजलं. झाडाचा पाला खायला किती वानरं गेली ते दुसऱ्याने.

जी मुलगी त्या रात्री जेवली नव्हती, तिची वही मी परत येताना बसमध्ये पाहिली. एक काळपट रंगाचं, गुलाबी तोंडाचं अगदी नवं पिल्लू तिने पाहिलं होतं. ते आईजवळून दुसऱ्या मादीकडे, तिच्याकडून तिसरीकडे आणि मग पुन्हा आईकडे आलं, अशी वेळेसकट नोंद होती. बाजूला पेन्सिलीने काढलेलं वाकडंतिकडं चित्र. तिसऱ्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली की अजून विचार चालू आहे.

मंडळ दर शनिवारी आहेच. पुढच्या महिन्यात 'बनगरवाडी' पुन्हा घेणार आहोत, या वेळी पालकांसोबत. तुम्ही तुमच्या शाळेत किंवा घरी 'सत्तांतर' वाचलीत, तर मुलांच्या वहीत पहिल्या रकान्यात काय आलं ते मला नक्की कळवा.